दोन घाट आणि एक जावा

तुम्हाला 'घाट' म्हटलं की काय दिसतं? तुम्ही पुण्या-मुंबईचे असाल तर वळणांचा रस्ता, दरी, धुकं आणि गरम भजी. मला मात्र वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत घाट म्हणजे फक्त पायऱ्या माहीत होत्या. माझं बालपण काशीत गेलं, अमृतराव घाटाच्या वरच्या गल्लीत.

हा घाट ज्यांच्या नावाचा, ते अमृतराव पेशवे म्हणजे रघुनाथरावांचे दत्तक पुत्र, दुसऱ्या बाजीरावांचे भाऊ. १८०३ साली त्यांनी इंग्रजांशी करार करून वर्षासन घेतलं, पुणं सोडलं आणि उत्तरेत आले. १८२४ साली काशीतच वारले. त्यांच्यासारखी कितीतरी मराठी घराणी काशीला गेली आणि तिथलीच झाली. आमचंही त्यातलंच. घरात मराठी, दाराबाहेर बनारसी. बाबांच्या मराठीत अजूनही 'अरे भैया' डोकावतं.

बाबा डिझेल लोकोमोटिव्ह वर्क्समध्ये फिटर होते. रेल्वेची अजस्र इंजिनं दिवसभर हाताळून घरी आले, की हात धुऊन पुन्हा एका छोट्या इंजिनाशी खेळायला बसायचे. ती त्यांची जावा. १९६९ ची, मरून रंगाची, टाकीच्या दोन्ही बाजूंना चकचकीत क्रोम. १९७८ साली त्यांनी ती सेकंडहँड घेतली. आमच्या गल्लीत समोरून गाय आली तर कोणीतरी एकानेच मागे जायचं असा नियम होता, आणि नेहमी जावाच मागे जायची.

तुमच्यापैकी ज्यांच्या घरी ही गाडी होती त्यांना आता तिचा आवाज ऐकू आला असेल. बाकीच्यांसाठी थोडं सांगते. जावा मूळची चेकोस्लोव्हाकियाची. १९२९ साली फ्रांतिशेक जानेचेक यांनी जर्मनीच्या वांडरर कंपनीकडून एका मोटरसायकलचे हक्क घेतले आणि दोन्ही नावांची पहिली अक्षरं जोडून 'जावा' केलं. भारतात ही गाडी आणली इराणी कुटुंबाने. १९६१ पासून म्हैसूरच्या 'आयडियल जावा' कारखान्यात ती तयार होऊ लागली. सत्तरच्या दशकात तिचं नाव येझदी झालं आणि १९९६ साली कारखाना बंद पडला. सिलिंडर एकच, पण सायलेन्सर दोन. किक आणि गिअर एकाच दांड्यावर. दांडा आत दाबून वर फिरवला की किक, खाली आणला की गिअर. नवख्या माणसाची इथेच फजिती होते.

आता आई. आई माणगावजवळच्या एका खेड्यातली. १९८१ साली लग्न होऊन काशीला आली. पहिल्याच दिवशी आजीने सांगितलं, "सूनबाई, घाटावर जाऊन ये." आई गोंधळली. तिला वाटलं, इथे डोंगर कुठे आहे? हा किस्सा आमच्या घरात दर दिवाळीला सांगितला जायचा. मग आई म्हणायची, "तुमचा घाट म्हणजे पायऱ्या. आमचा घाट बघाल तर चक्कर येईल." आणि बाबा म्हणायचे, "एकदा तुला गाडीवर बसवून तुझ्याच घाटाने माहेरी नेतो, मग बघू कोणाला चक्कर येते."

ते कधीच झालं नाही. रजा नसायची, पैसे नसायचे, मग आम्ही भावंडं लहान होतो. माहेरी जायचं म्हणजे महानगरी एक्सप्रेसने मुंबई आणि पुढे एसटी. आई जावाच्या मागच्या सीटवर बसून बाजारात गेली, दवाखान्यात गेली, सारनाथला गेली. घाटात गेली नाही. तीन वर्षांपूर्वी ती गेली.

त्यानंतर मी बाबांना पुण्याला घेऊन आले. अमृतराव पुण्याहून काशीला गेले, बाबा उलटे निघाले. सामान फार नव्हतं. जावाचं काय करायचं, हा एकच प्रश्न होता. दादाचं म्हणणं होतं, विकून टाकू. एका हौशी माणसाने सव्वा लाख रुपये देऊ केले होते. बाबा शांतपणे म्हणाले, "विका. मला कुठे चालवायची आहे आता?" वय चौऱ्याहत्तर, हात थरथरतो, डॉक्टरांनी गाडी चालवायला साफ मनाई केलेली. दादाचं काही चुकत नव्हतं. पण बाबा इतक्या पटकन 'हो' म्हणाले, हेच मला खटकलं. ज्या माणसाने साध्या नटबोल्टवरून दुकानदाराशी तासभर वाद घातला, तो एका वाक्यात गाडी सोडतो?

मी दादाला म्हटलं, "एक जुलै जाऊ दे. मग विकू."

जुलैचा दुसरा रविवार हा जगभरातले जावावाले 'जावा दिवस' म्हणून साजरा करतात. भारतात जावा आणि येझदी दोन्हींचा मिळून. ठिकठिकाणी जुन्या गाड्या बाहेर निघतात आणि एकत्र फेरी मारतात. पुण्यातल्या अशाच एका गटाशी माझी ओळख झाली. फेरी ताम्हिणी घाटात होती, आणि ताम्हिणी उतरून पुढे गेलं की माणगाव.

गाडी काशीहून रेल्वेच्या पार्सलने आली. टाकी रिकामी, अंगभर गोणपाट आणि गवत. तिकडच्या आरटीओचं ना-हरकत पत्र आणि इथली नोंदणी यात बरेच महिने गेले. एकीकडे मी चालवायला शिकत होते. सोसायटीच्या आवारात रोज पहाटे. बाबा प्लास्टिकच्या खुर्चीत बसून बघायचे. पहिले आठ दिवस काहीच बोलले नाहीत. नवव्या दिवशी मी किक मारून दांडा तसाच वर ठेवला आणि गिअर शोधत बसले, तेव्हा त्यांना राहवलं नाही. "अरे भैया, आधी दांडा खाली आण!" त्या दिवसापासून शिकवणी सुरू झाली.

फेरीच्या दिवशी सकाळी सहाला चांदणी चौकात तीसेक गाड्या जमल्या. निळसर धूर, टू-टी ऑईलचा वास, दोन सायलेन्सरची पटपट. धूर बघून तुम्ही नाक मुरडाल, आणि ते योग्यच आहे. या गाड्या रोज चालवायच्या नाहीत, असं तिथला प्रत्येक जण सांगत होता. एक कॉलेजातला मुलगा आजोबांची गाडी घेऊन आला होता. एका गृहस्थांनी चाळीस वर्षं एकच येझदी वापरली होती. बाबा मागे बसले. रेनकोट, कानटोपी, त्यावर हेल्मेट. त्यांनी माझ्या खांद्यावर एक हात ठेवला, पण नीट टेकवला नाही.

पिरंगुट, पौड, मग मुळशीचा जलाशय. याच धरणाविरुद्ध १९२१ साली शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला आणि सेनापती बापट त्यात उभे राहिले. पाण्याच्या कडेकडेने रस्ता जातो. पाऊस सुरू झाला होता. बाबा पहिल्यांदाच बोलले, "किती हिरवं आहे गं."

ताम्हिणी गावाच्या अलीकडे एका चढावर गाडीने दोन आचके दिले आणि बंद पडली. मी किक मारली. पुन्हा मारली. दहा वेळा मारली. मागे पर्यटकांच्या मोटारींचे हॉर्न. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, पावसामुळे कोणाला दिसलं नाही. वाटलं, दादा म्हणत होता तेच खरं, उगाच हट्ट केला.

गटाचा नियम असा की एक थांबला की सगळे थांबतात. पुढचे वळून परत आले. दोघा-तिघांनी हत्यारं काढली. तेवढ्यात बाबा गाडीपाशी वाकले. "बाजूला व्हा जरा. प्लग काळा पडलाय." खिशातून त्यांनी प्लग-पाना काढला. कधी ठेवला होता, कोण जाणे. प्लग काढला, पॉलिश पेपरने घासला, रुमालाने पुसला, फट नखाने अजमावली आणि परत बसवला. चहाचा कप धरताना थरथरणारा तो हात त्या पाच मिनिटांत जरासुद्धा हलला नाही. मी बघत होते म्हणून सांगते.

"मार किक."

पहिल्या किकला गाडी चालू झाली. तीस माणसांनी टाळ्या वाजवल्या. बाबा लाजले.

ताम्हिणीच्या विंझाई देवीच्या देवळापाशी चहा झाला. गट तिथून पुण्याला परतणार होता. आम्ही पुढे, आणि सोबतीला दोन गाड्या. समोर कोकणात उतरणारा रस्ता, ढगात बुडालेला. मला आतून भीती वाटत होती की आता बाबा म्हणतील, उतार मी चालवतो. आणि मला नाही म्हणावं लागेल. कदाचित मी हो म्हटलं असतं, तीही भीती होती.

त्यांनी गाडीकडे बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "तूच चालव. मी मागेच बसतो. तुझी आई इतकी वर्षं कुठे बसली, ते मी कधी बघितलंच नाही."

मग लगेच फिटरच्या आवाजात पुढची सूचना. "आणि ऐक. उतारावर रेस पूर्ण बंद करून सुटू नकोस. या इंजिनाला ऑईल पेट्रोलमधूनच मिळतं. पेट्रोल थांबलं की ऑईल थांबलं, पिस्टन जाम होईल. मधूनमधून थोडी रेस देत जा."

तुमच्याकडे जुनी टू-स्ट्रोक असेल तर हे लक्षात ठेवा. मी तो सगळा घाट तसा उतरले. थोडा ब्रेक, थोडी रेस. डावीकडे, उजवीकडे कड्यांवरून पाणी कोसळत होतं. एका वळणावर बाबांचा हात माझ्या खांद्यावर पूर्ण टेकला. मागून आवाज आला, "खरंच चक्कर येते गं." ते माझ्याशी बोलत नव्हते.

माणगाव ओलांडून गावात पोहोचलो तेव्हा दुपार झाली होती. मामा ओटीवर उभे होते. वय ऐंशीच्या पुढे. त्यांनी आधी गाडीकडे बघितलं, मग बाबांकडे.

"या भावोजी. फार उशीर केलात."

बाबा हेल्मेट काढत म्हणाले, "वाटेत प्लग काळा पडला."

दोघंही हसले, आणि मग दोघंही गप्प झाले. मामींनी आतून पाणी आणलं.

गाडी विकली नाही. दादाला मी त्या रात्री फोटो पाठवला, मामांच्या अंगणातला. त्याने उत्तरात एवढंच विचारलं, "पुढच्या जुलैत मी चालवू का?" बाबांनी त्याला अट घातली आहे, आधी प्लग काढून बसवायला शिक.

तुमच्याही जिन्याखाली एखादी जुनी गाडी गोणपाटाखाली उभी असेल. ती ठेवा असं मी म्हणत नाही. जागा, पैसा, वेळ प्रत्येकाकडे नसतो. ठेवायची असेल तर कागद आधी बघा. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण लागतं. पन्नास वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांसाठी २०२१ पासून 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणीही करता येते, पण मग ती रोजच्या वापरात आणता येत नाही. आणि विकायचीच ठरली, तर त्याआधी एकदा तिच्या मालकाला मागच्या सीटवर बसवून कुठेतरी घेऊन जा. कुठे जायचं ते त्यालाच विचारा. उत्तर बहुतेक तयार असतं, आपण विचारलेलं नसतं.