उरलेले निम्मे

विषाची व्याख्या वाटते तितकी सोपी नाहीं. जें पोटांत गेल्यानें प्राणी मरतो तें विष, असें आपण लहानपणापासून समजत आलों. आणि शास्त्रानेंही पुष्कळ काळ हीच समजूत आंकड्यांत बसविली. पाण्यांत मिसळलेलें एखादें द्रव्य माशांस कितपत बाधतें हें ठरवावयाचें असल्यास निरनिराळ्या भांड्यांत त्याचें कमीअधिक प्रमाण घालावयाचें, प्रत्येकांत सारखेच मासे सोडावयाचे, आणि ९६ तासांनीं मेलेले मोजावयाचे. ज्या प्रमाणानें निम्मे मेले तोच त्या विषाचा मानदंड. पद्धत हिशेबी आहे, तुलनेस सोयीचीही आहे. उरलेल्या निम्म्यांचें पुढें काय झालें हें मात्र ती विचारीत नाहीं.

हा प्रश्न विचारणें भाग पडलें तें अलास्कांत. २४ मार्च १९८९ रोजीं प्रिन्स विल्यम साउंड या आखातांत एक्सॉन व्हॅल्डीझ हें जहाज खडकावर चढलें, आणि सुमारें १ कोटी १० लक्ष गॅलन कच्चें तेल समुद्रांत गेलें. हेरिंग मासा (आपल्या तारलीचा हा थंड प्रदेशांतला भाऊबंद) तेथें वसंताच्या आरंभीं किनाऱ्याशीं येऊन शेवाळावर अंडीं चिकटवितो. म्हणजे तेल आलें तें नेमकें बाळंतपणाच्या तोंडावर! पुढें १९९३ सालीं तेथील हेरिंगची संख्या एकाएकीं कोसळली. त्यांत तेलाचा वांटा किती आणि रोगराईचा किती, यावर पंडितांचें अद्याप एकमत नाहीं; परंतु या वादामुळें संशोधकांची नजर मेलेल्या माशांवरून अंड्यांकडे वळली, हा मोठाच लाभ म्हणावयाचा.

आमचा व्यवसाय इंग्रजी काव्य शिकविण्याचा. या विषयांत आम्हांस गोडी लागली ती आमच्या एका प्राणिशास्त्रज्ञ स्नेह्यांमुळें. त्यांच्या प्रयोगशाळेंत झेब्राफिश नांवाचे बोटाच्या दोन पेरांएवढे पट्टेरी मासे आहेत. आज जगभर प्रयोगांस वापरला जाणारा हा मासा मूळ आपल्या उपखंडांतला. १८२२ सालीं फ्रान्सिस हॅमिल्टन यांनीं गंगेच्या माशांवरील ग्रंथांत त्याचें वर्णन केलें. त्याचें अंडें कांचेसारखें पारदर्शक असतें. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून आम्हीं पाहिलें, तों दोन दिवसांच्या त्या जीवाचें हृदय मोहरीच्या दाण्याहून कितीतरी लहान, आणि ठोके इतके जलद कीं मोजणी मागें पडावी.

“आतां हें पाहा, प्रोफेसरसाहेब,” म्हणून त्यांनीं दुसरें अंडें पुढें सरकविलें. यास तेलाच्या पाण्यांत ठेविलें होतें. हृदयाभोंवतीं पाणी सांचून फुगा आला होता. जें हृदय वळण घेऊन दोन कप्प्यांचें व्हावयाचें तें सुतासारखें ताणलें गेलें होतें. ठोका मात्र पडत होता. २०१३ सालीं ओईसीडी या राष्ट्रसंघटनेनें माशांच्या अंड्यांवरील ९६ तासांची जी कसोटी मान्य केली, तींत ठोका नसणें ही मृत्यूची एक खूण आहे. ठोका आहे, म्हणजे त्या हिशेबानें हा जीव वांचलेल्यांत!

तेलांतील हलके घटक लवकर उडून जातात. तीन वलयांचे कांहीं हायड्रोकार्बन मागें रेंगाळतात व पाण्यांत थोडथोडे उतरत राहतात. हृदयाला भोंवतात ते हे. २०१० सालीं मेक्सिकोच्या आखातांत तेलविहीर फुटल्यावर ट्यूना माशाच्या हृदयपेशी तपासल्या गेल्या. पेशींतील पोटॅशियम व कॅल्शियम यांची जी ये-जा हृदयाचा ताल राखते, तींतच तेल अडथळा आणतें, असें २०१४ सालीं प्रसिद्ध झालें.

त्याच २०१० च्या ऑगस्टांत मुंबई बंदराच्या तोंडाशीं दोन जहाजांची टक्कर होऊन तेल सांडलें, तेव्हां आमच्या घरीं मासळी बंद झाली होती. पुढें बाजारांत पापलेट दिसूं लागतांच समुद्र निवळल्याचा निर्वाळा आमच्या सौभाग्यवतींनीं दिला. सरकारी निर्वाळेही याहून फार निराळ्या पुराव्यावर उभे असतात असें आम्हांस वाटत नाहीं. बाजारांत येतो तो वाढलेला मासा. अंड्यांतून जो नीट घडलाच नाहीं त्याची वार्ता कोळणीच्या पाटींतून कशी मिळावी?

ती मिळविण्याचा एक धिमा मार्ग अलास्कांतच काढला गेला. तेलानें किंचित् दूषित पाण्यांत पिंक सामन माशांचीं अंडीं उबविलीं. तीं फुटून निघालेलीं, वरवर निरोगी दिसणारीं पिलें खूण करून समुद्रांत सोडलीं. स्वच्छ पाण्यांतील पिलेंही तशींच सोडलीं. हा मासा दोन वर्षांचा होऊन आपल्या ओढ्याकडे परततो. तोंवर वाट पाहून परतलेले मोजले. तेलांतून गेलेले कमी आले.