शिरगावचा रावणताड आणि खाऱ्या वाळूतली मंडळी

बोईसरच्या एमआयडीसीत नोकरीला लागल्यापासून माझी सुट्टी किनाऱ्यावर जाते. चिंचणी, तारापूर, सातपाटी, शिरगाव, केळवे. पोहायला नव्हे, झाडं बघायला. ऑफिसात कुणी विचारलं की मी सांगते, ‘वाळवंटातली झाडं शोधतेय,’ आणि समोरचा हसतो. त्याचं हसणं रास्तच आहे. ज्या पालघरात जुलैमध्ये रुळांवर पाणी चढून गाड्या अडकतात, तिथे कसलं आलंय वाळवंट?

पण पाऊस एकदा गेला की गेला. पुढचे सात-आठ महिने पुळणीवरच्या झाडाला थेंब मिळत नाही. वाळूत पाणी ठरत नाही, वारा पानं सुकवून काढतो, आणि खाडीकाठी पाणी असलं तरी ते इतकं खारं की मुळांना ओढून घेणं जड जातं. म्हणून जैसलमेरच्या झुडपांनी जे उपाय केले तेच इथल्यांनीही केलेत: जाड पानं, मेणाचा थर, चीक, काटे. एथेलबर्ट ब्लॅटर हे स्विस जेझुइट पाद्री मुंबईच्या सेंट झेविअर्स कॉलेजात होते. त्यांनी 1905 साली मुंबई इलाख्यातल्या खारफुटीवर लिहिलं, 1918 पासून हॉलबर्ग यांच्यासोबत जोधपूर-जैसलमेरच्या वनस्पतींवर लेखमाला केली आणि 1926 मध्ये ताडकुळातल्या झाडांवर जाडजूड ग्रंथ काढला. चिखल, वाळवंट आणि ताड! एका माणसाला एवढे वेगळे विषय कसे, असं कुणाला वाटेल. मला नाही वाटत. आमच्या किनाऱ्यावर हे तिन्ही विषय एका सकाळच्या चालण्यात येतात.

सगळ्यात जास्त घोळ निवडुंगाचा. काटे दिसले, अंग मांसल दिसलं, की आपण सगळ्यालाच निवडुंग म्हणून मोकळे होतो आणि इंग्रजी बोलताना कॅक्टस. प्रत्यक्षात कुंपणाला लावलेला त्रिधारी आणि त्याच्या शेजारचा पेन्सिलीसारख्या काड्यांचा शेर, हे दोघेही कॅक्टस नव्हेत. ती एरंडाच्या कुळातली मंडळी. टोक जरा मोडलं की पांढरा चीक ठिबकतो. एकदा शेराजवळ मी भिंग काढून वाकले, तर पलीकडे बोंबील वाळत घालणाऱ्या मावशी ओरडल्या, ‘बाय, हात नको लावूस त्याला! चीक डोळ्यात गेला तर डोळा जाईल.’ झाडाच्या कुळाची त्यांना काही पडलेली नव्हती, पण जे कळायला हवं ते नेमकं ठाऊक होतं. हा चीक खरोखरच डोळ्याला घातक असतो.

खरा कॅक्टस म्हणजे फड्या निवडुंग. त्याचा फडा भिंगाखाली धरा. काटे थेट सालीतून येत नाहीत, लोकरीच्या बारीकशा गादीतून झुबक्याने येतात. ही गादी म्हणजे कॅक्टसच्या कुळाची सही. त्रिधारीवर काटे जोडीने असतात, पण गादी नसते. मोठ्या काट्यांच्या बुडाशी केसासारखी कुसं असतात आणि खरा त्रास तीच देतात. मोठा काटा दिसतो, उपटता येतो. कुसं बोटात मोडतात आणि दिवसभर छळतात. फड्या मोडला तर पांढरा चीक येत नाही, बुळबुळीत पाणी सुटतं. हे कुळ मूळचं अमेरिकेतलं, इथला मुक्काम काही शतकांचाच. आपल्या देशात फड्या इतका माजला होता की त्याला आवरायला 1926 मध्ये श्रीलंकेतून त्याचा रस शोषणारी पिठ्या किडीसारखी कीड आणली गेली आणि दक्षिणेतली रानंच्या रानं त्या किडीने साफ केली. तणनाशकापेक्षा भारी काम!

मिठागरांच्या आणि खाडीच्या कडेला पिलू भेटतो. राजस्थान-कच्छच्या रणातला हा जुना रहिवासी, ज्याच्या काड्यांचं दात घासायचं मिसवाक होतं. लोंबत्या फांद्या, समोरासमोर जोडीने येणारी जाडसर पानं. ओळख पटत नसेल तर पान चुरडून हुंगा, मोहरीसारखा झणका येतो. शेजारच्या तिवराच्या पानाला कोरड्या दिवसांत जीभ लावली तर मीठ लागतं, कारण ते झाड जादा मीठ पानातल्या ग्रंथींतून बाहेर टाकतं. चव घेण्याची परवानगी मी या दोघांपुरतीच देते. रुईच्या वाटेला जाऊ नये.

मर्यादवेलीबद्दल काय सांगायचं? आपट्यासारखं पान, जांभळं फूल, एकदा पाहिली की विसरत नाही. पुढे चला.

कारण खरी चैन शिरगावच्या किल्ल्यात आहे. 1739 च्या मोहिमेत चिमाजी आप्पांच्या फौजेने पोर्तुगीजांकडून घेतलेला हा किल्ला. लोक बुरूज बघतात, मी रावणताड बघते. ताडाला फांद्या नसतात असं आपण शाळेपासून ऐकतो, आणि इथे खोड दुभंगतं, प्रत्येक भाग पुन्हा दुभंगतो, आणि प्रत्येक टोकाला पंख्यासारख्या पानांचा झुपका. वाढीचा कोंबच दोन भागांत वाटला जातो, म्हणून हे होतं. साधा ताड कधी अपघाताने फुटतो, रावणताडाचा तो स्वभावच आहे. खात्री करायची तर खाली पडलेलं फळ उचला: ताडगोळ्याच्या फळाहून खूप लहान, तपकिरी, आत तीनऐवजी एकच बी. दीवमध्ये याला होका म्हणतात, रेवदंड्याकडे ओका माड. इजिप्तच्या वाळवंटातला डूम ताड याचा सख्खा भाऊबंद. तुतनखामेनच्या थडग्यात त्याच्या फळांच्या टोपल्या सापडल्या आहेत. आपला मात्र गुजरात आणि महाराष्ट्राच्या किनाऱ्यापुरताच उरला आहे.

शिरगाव पालघर स्टेशनपासून फार लांब नाही, सातपाटीच्या वाटेवर. जरूर जा, फोटो काढा, भिंग असेल तर न्या. फक्त खोडावर नावं कोरू नका. आंब्या-वडाची जखम साल वाढून भरून येते. ताडाच्या जातीला तशी वाढणारी साल नसते. त्याच्या खोडावर केलेला वार कधीच भरत नाही.