शेवटचा बदल टिकतो

गेल्या आठवड्यात भाच्याने विचारले, "मावशी, कंपनीचा विस्तार नीट चालतो, चाहत्यांनी केलेला मॉडही नीट चालतो, मग दोन्ही एकत्र टाकले की खेळ का बिघडतो?" प्रश्न कन्सोलवरच्या 'स्कायरिम'चा होता. उत्तर देताना मला माझीच एक चूक आठवली. विद्यार्थी मित्रांनो, ती तुम्हालाही सांगावी असे वाटले.

'स्कायरिम' २०११ साली आला. पुढे त्याचे 'डॉनगार्ड', 'हार्थफायर' आणि 'ड्रॅगनबॉर्न' हे तीन अधिकृत विस्तार निघाले. २०१६ च्या 'स्पेशल एडिशन'मध्ये हे विस्तार अंतर्भूत होते आणि चाहत्यांचे मॉड कन्सोलवरही घेता येऊ लागले. या खेळातील प्रत्येक वस्तूला ३२ बिटांचा ओळखक्रमांक असतो. त्यातील पहिले ८ बिट ती वस्तू कोणत्या फाइलमधून आली हे सांगतात. ८ बिटांत २५६ क्रमांक मावतात; त्यातला शेवटचा, खेळ चालू असताना निर्माण होणाऱ्या वस्तूंसाठी राखीव आहे. मूळ खेळ, त्याची सुधारणा-फाइल आणि तीन विस्तार मिळून पाच जागा व्यापतात. म्हणून मूळ रचनेत चाहत्यांसाठी २५० जागा उरत होत्या. २०१७ मध्ये आलेल्या 'हलक्या' फाइलींनी एकाच जागेत हजारोंची सोय केली आणि ही टंचाई बरीच सैल झाली.

खरी अडचण मात्र जागेची नाही. समजा, चाहत्याने मूळ खेळ समोर ठेवून एका तलवारीची किंमत बदलली आणि दुसऱ्या फाइलने तिचे वजन बदलले. आपल्याला वाटते, दोन्ही बदल मिळतील. प्रत्यक्षात तलवारीची नोंद अखंडच उचलली जाते. क्रमात जी फाइल शेवटी, तिचीच संपूर्ण नोंद टिकते. आधीचा बदल निमूटपणे पुसला जातो. भौतिकशास्त्राच्या भाषेत, इथे अध्यारोपणाचे तत्त्व लागू होत नाही आणि क्रियांचा क्रम बदलला की उत्तर बदलते. उपाय असतो तो तिसऱ्या छोट्या फाइलचा: दोन्ही बदल एकाच नोंदीत लिहायचे आणि ती सर्वांच्या शेवटी ठेवायची. संगणकावर असे संघर्ष दाखवणारी साधने आहेत. कन्सोलवरच्या खेळाडूच्या हाती बहुधा केवळ क्रमाची यादी असते.

पीएचडीच्या काळात मी रात्री हा खेळ खेळत असे, त्यामुळे हे सारे मला ठाऊक होते. तरीही दिवसा, प्रयोगशाळेत, मी तेच विसरले. उपकरणाच्या आलेखात एक लहानसा सरकाव येत असे. तो काढण्यासाठी मी स्वतःची एक आज्ञावली लिहिली होती. कालांतराने विश्लेषणाच्या अधिकृत प्रणालीची नवी आवृत्ती आली आणि तीत तीच दुरुस्ती अंतर्भूत झाली. बदलांची टिपणे मी वाचली नाहीत. माझी दुरुस्ती तिच्यावर पुन्हा बसत राहिली. कोणतीही त्रुटी-सूचना आली नाही. आलेख पूर्वीइतकाच देखणा दिसत होता.

त्याच सुमारास एका कनिष्ठ विद्यार्थिनीचे आकडे माझ्याशी जुळेनात. तिने माझी आज्ञावली वापरली नव्हती. "मोजणी पुन्हा कर," असे मी तिला दोनदा सुनावले. तिसऱ्यांदा ती कच्ची नोंदवही घेऊन आली आणि शांतपणे म्हणाली, "ताई, आपण एकदा पहिल्यापासून बरोबर पाहू या का?" तासाभरात चूक सापडली. चूक माझी होती. मी सर्वांसमोर तिची क्षमा मागितली. पण त्या मधल्या दोन आठवड्यांत तिने स्वतःवर घेतलेला संशय मला परत घेता आला नाही.

खगोलशास्त्रात १९८१ पासून वापरात असलेल्या 'फिट्स' या फाइल-स्वरूपाचा एक दंडक आहे: नव्या सुधारणेने जुनी वैध फाइल अवैध ठरता कामा नये. भारताच्या 'अ‍ॅस्ट्रोसॅट'ची निरीक्षणेही याच स्वरूपात मिळतात. मात्र हा दंडक फाइल वाचता येण्याची हमी देतो. तिच्यावर आपण काय, किती वेळा आणि कोणत्या क्रमाने केले, याची नाही. ती नोंद आपणच ठेवायची असते.

भाच्याला मी एवढेच सांगितले: नवा मॉड टाकण्यापूर्वी जुना खेळ जतन कर आणि क्रम वहीत लिही. माझ्या टेबलावर आता तशीच एक वही आहे. तिच्या पहिल्या पानावरचा क्रम त्या विद्यार्थिनीच्या अक्षरात आहे.