दादर टी. टी.

दादरला आगगाडीतून पूर्वेस उतरून टॅक्सीवाल्याला नुसते 'टी. टी.' म्हणा, तो बिनचूक नेऊन सोडील. ही दोन अक्षरे म्हणजे ट्राम टर्मिनस. आणि ट्राम तर तेथून १९६४ सालीच गेली! माणसाने घर सोडावे आणि दारावरची पाटी तेवढी मागे राहावी, तसे हे नाव राहिले आहे.

मी ट्राम पाहिलेली नाही. माझी ट्राम ती माझ्या वडिलांच्या, अण्णांच्या, तोंडची. त्यांना सनावळ्या पाठ असत. ९ मे १८७४ रोजी मुंबईत घोड्यांची ट्राम निघाली. तिच्यापायी एके काळी ९०० घोडे पोसले जात. ७ मे १९०७ रोजी विजेची पहिली गाडी म्युनिसिपालिटीच्या कचेरीपासून क्रॉफर्ड मार्केटपर्यंत धावली. १९२० साली दुमजली आली. हे सारे ते इतक्यांदा सांगत, की मी ऐकता ऐकता घड्याळाकडे पाहू लागे.

घाईनेच ट्रामचाही घात केला. रूळ सोडून बाजूला सरणे तिच्या नशिबी नव्हते. पुढे हातगाडी आडवी आली, की ड्रायव्हर पायाने घंटा ठणठणावीत उभा. मोटारी आणि बसगाड्या खुशाल निघून जात. खुद्द अण्णाही तरुणपणी कंटाळून बसनेच जात. पण ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून शेवटची ट्राम दादरला निघाली, तेव्हा निरोपाच्या गर्दीत ते उभे होते.

त्यांचे आवडते वर्णन टर्मिनसचे. तेथे गाडी वळवावी लागत नसे. कंडक्टर टपावरचा दांडा तारेवरून काढून उलट दिशेस फिरवी, ड्रायव्हर आपले हँडल घेऊन दुसऱ्या टोकाला जाई, आणि मघाचे शेपूट तेच आताचे तोंड होई!

शेवटच्या आजारात अण्णांनीही आपला दांडा असाच फिरविला. कालचे काही आठवेना. पायधुणी, भायखळा, परळ मात्र एकामागून एक येऊ लागले. एका दुपारी त्यांनी विचारले, "टी. टी. आले का रे?"

मी शहाणपणाने म्हणालो, "अण्णा, ट्राम बंद होऊन किती वर्षे झाली!"

ते गप्प झाले. 'अजून अवकाश आहे, बसा निवांत,' एवढे म्हणायला माझे काय गेले असते?