रंगाच्या आधी

गाडीला रंग मारणं हे तासाभराचं काम. त्या तासापर्यंत पोहोचायला मात्र आठ दिवस लागतात. अब्बांची हिरो होंडा सी.डी. १०० मी लोणारच्या आमच्या अंगणात उघडली, तेव्हा धाकट्या भावाला हेच पटत नव्हतं. "भाईजान, स्प्रे के दो डब्बे लाते और मार देते," तो म्हणाला. गाडी त्यालाच पाहिजे होती, रोज मेहकरला कामावर जायला. रंगही त्याला काळा हवा होता. पण आर.सी. बुकात रंग लाल लिहिलेला, बदलायचा तर आर.टी.ओ.त नोंद करावी लागते. म्हणून लालच ठरला.

पेट्रोल काढून टाकी सोडवली आणि झाकण उघडून सावलीत वाऱ्यावर ठेवली. रिकाम्या टाकीतली वाफच जास्त घातक असते, हे मिस्त्री लोक पहिल्या दिवशी शिकवतात. मग धुलाई. घासण्याआधी तेलकटपणा निघायलाच हवा. नाहीतर कागद तेच तेल ओरखड्यांत दाबून भरतो आणि रंग तिथं धरत नाही, बारीक खळगे पडतात. आमच्या लोणारचं नाव 'ऐन-ए-अकबरी'त आलं आहे, ते साबण आणि काच बनवायला लागणारा माल इथं मिळतो म्हणून. साबण आणि काच! गाडी घासायला बसलेल्या माणसाला याहून काय पाहिजे? घासायच्या कागदाला तर अजूनही काच पेपर म्हणतात, त्यावर आता काच नसली तरी. सरोवर आज अभयारण्यात आहे. माझा साबण किराणा दुकानातला.

गंजावर १२० नंबरचा कागद, मग २२०, शेवटी पाण्यात भिजवलेला ४००. प्रत्येक नंबरनं आधीच्या नंबरचे ओरखडे पुसायचे, एवढंच शास्त्र. कागद नुसत्या बोटांनी दाबला तर बोटांच्या नाल्या पडतात, म्हणून जुन्या स्लीपरचा तुकडा कापून त्यावर गुंडाळला.

टाकीच्या दोन्ही बाजूंना मात्र हात अडला. तिथला रंग अब्बांच्या गुडघ्यांनी उडाला होता. अब्बा जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळेत मास्तर होते. वर्षानुवर्षं ते याच गाडीवर शाळेत गेले. दोन्हीकडे तळहाताएवढा पत्रा उघडा पडून गुळगुळीत झाला होता. अम्मी ओट्यावरून बघत होती. म्हणाली, "बाबू, उतना निशान रहने दे."

तसंच ठेवून वरून लॅकर मारता येईल का, याचा मी रात्रभर विचार केला. पण उघड्या पत्र्यावर लॅकर टिकत नाही. एक पावसाळा गेला की कडेनं पाणी शिरतं, गंज आतल्या आत पसरतो आणि मग पत्राच जातो. आठवण ठेवायची तर टाकी जाणार, टाकी ठेवायची तर खूण जाणार. सकाळी अम्मीला हे जसंच्या तसं सांगितलं. ती काही बोलली नाही. चहाचे कप उचलून आत गेली.

दुपारपर्यंत मी बाकीचे भाग केले. साइड कव्हरवरचे स्टिकर गरम पाण्याच्या फडक्यानं सोडवले, मडगार्डचा पोचा आतून ठोकला, वर पुट्टीचा पातळ हात दिला. पुट्टी एकदम जाड भरली की वाळताना तडकते. मे महिन्यात तर आमच्याकडे वरून वाळते आणि आत ओलीच राहते.

असरनंतर अम्मी स्वतःच टाकीजवळ येऊन बसली. उजव्या बाजूच्या त्या उघड्या जागेवर तिनं हात ठेवला, बराच वेळ. मग म्हणाली, "घिस. लेकिन अच्छा घिस."

मी घासलं. रंगाची कड आणि पत्रा एका पातळीत येईपर्यंत घासायचं असतं, आणि ते डोळ्यांना कळत नाही, तळहातालाच कळतं. म्हणून तिलाच हात फिरवायला सांगितला. मोतीबिंदूमुळे तिला नीट दिसत नाही, पण चाळीस वर्षं शिवणकाम केलेली बोटं आहेत. तिनं डोळे मिटून वरून खाली बोटं फिरवली आणि एका जागी थांबली.

"यहाँ. थोडा और."

प्रायमर त्याच दिवशी बसायला हवा होता, उघडा पत्रा रात्रभर ठेवत नाहीत. मगरिबला अजून अवकाश होता. मी कागद पुन्हा पाण्यात बुडवला.