फुकटची न्याहारी

पहाटे साडेपाचला चेन्नईच्या एका हॉटेलात उतरलो. खोली दुपारी दोनला मिळायची. परंतु माझे सदस्यत्वाचे कार्ड पाहताच कारकुनाने अदबीने मला न्याहारीस बसविले, तीही विनामूल्य. पोंगल, वडा आणि वाफाळती कॉफी! समोरच्या कोचावर माझ्याच गाडीने आलेले एक वृद्ध जोडपे सामान सांभाळीत ताटकळत होते. त्यांच्यापाशी कार्ड नव्हते.

तंजावरच्या सरफोजीराजांनी १८०२ साली ओरत्तनाडूस मुक्तांबाळ छत्र उभारले. रामेश्वरच्या वाटेवरील त्या छत्रात वाटसरूला अन्न मिळे, ते केवळ तो वाटसरू म्हणून. आपल्याच भाषेच्या राजाने याच मुलखात घालून दिलेला हा धडा मला आठवला खरा, पण पेला रिकामा झाल्यावर. त्या दोघांना बोलवावे म्हणून उठून पाहतो तो कोच रिकामा होता.