‘तुझा दाभोलकर करू’

हे वाक्य तुम्ही कुठे ना कुठे वाचलं असेल. एखाद्या पोस्टखाली, व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर, कधी हसऱ्या इमोजीसकट. जून २०२३ मध्ये शरद पवारांना सोशल मीडियावरून धमकी आली, तीही याच धर्तीची: तुमचा दाभोलकर होणार. प्रकरण पवारांचं होतं म्हणून पोलीस धावले, अटकही झाली. तालुक्याच्या गावात कुणी असली तक्रार घेऊन गेलं, तर ठाणे अंमलदार मान वर न करता म्हणतो, "फेसबुकवरच लिहिलंय ना? ब्लॉक करा की."

आमच्याकडं याचं रूप जरा वेगळं असतं. एका बुवाच्या दरबाराची बातमी केली होती, तेव्हा मला फोन आला. आवाज अगदी अदबीचा. "पत्रकारसाहेब, सकाळी फिरायला जाता का?" बस, एवढंच. शिवी नाही, दमदाटी नाही. तक्रारीत लिहिणार काय? फिरायला जाता का असं विचारणं हा काही गुन्हा नाही. पण त्याला काय म्हणायचंय ते त्यालाही ठाऊक होतं आणि मलाही. त्या साध्या प्रश्नाला हा अर्थ दिला तो दोन खुनांनी.

२० ऑगस्ट २०१३, सकाळची वेळ. पुण्यात ओंकारेश्वराजवळच्या महर्षी शिंदे पुलावर डॉ. नरेंद्र दाभोलकरांना गोळ्या घातल्या. वय ६७, एकटे फिरायला निघालेले. पोलीस संरक्षण त्यांनी घेतलं नव्हतं. १६ फेब्रुवारी २०१५ ला कोल्हापुरात कॉम्रेड गोविंद पानसरे पत्नीसोबत फिरून येत होते. घराजवळच दोघांवर गोळ्या झाडल्या. २० फेब्रुवारीला पानसरे गेले. त्याच वर्षी ३० ऑगस्टला धारवाडमध्ये प्रा. कलबुर्गी, घराच्या दारात. ५ सप्टेंबर २०१७ ला बंगळुरूत गौरी लंकेश, घराच्या फाटकात. एकाच्याही हातात काठीसुद्धा नव्हती.

आम्ही पत्रकार मोठ्या माणसाची ‘हत्या’ लिहितो आणि बाकीच्यांचा ‘खून’. कायद्याला हा फरक मान्य नाही. तेव्हा कलम ३०२ होतं, आता न्याय संहितेत १०३ आहे, ते सगळ्यांना सारखंच. आणि ते बरोबरच आहे. विहिरीच्या भांडणात मेलेल्या शेतकऱ्याचा जीव कुणापेक्षा स्वस्त नाही.

पण एक फरक आहे. विहिरीच्या भांडणातला खून त्या दोन घरांपुरता असतो. राजकीय खुनात मारला जातो एक, पण नेम असतो तो जिवंत राहणाऱ्यांवर. मारणाऱ्याला ते म्हातारं शरीर नको असतं, त्याला पुढच्या शंभर जणांची तोंडं बंद करायची असतात. खटला चालतो तो मात्र एकाच माणसाच्या मरणाचा. बाकी शंभर जणांचं काय झालं, याची नोंद कुठल्याच आरोपपत्रात येत नाही.

ती नोंद छोट्या गावात दिसते. व्याख्यानाला हॉल मागायला गेलं की संस्थाचालक आधी विचारतात, "विषय काय? वक्ता कोण?" मग म्हणतात, "तुम्ही चांगलंच करताय हो, पण उगाच कशाला." पूर्वी शाळेत चमत्कारामागचं विज्ञान दाखवणारे कार्यकर्ते आले की मुख्याध्यापक स्वतः पहिल्या रांगेत बसायचे. आता परवानगीचा अर्ज टेबलावर पडून राहतो. कुणी नाही म्हणत नाही, आणि कुणी होही म्हणत नाही. ‘उगाच कशाला’ हे दोन शब्द म्हणजेच त्या गोळीचं राहिलेलं काम.

यावर लोक म्हणतात, खून करून काय मिळालं? दाभोलकर ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी पंधरा वर्षांहून अधिक काळ झगडले, त्याचा अध्यादेश खुनानंतर चार दिवसांत निघाला आणि डिसेंबरात कायदा झाला. खरं आहे. त्या कायद्याखाली दाखल झालेले गुन्हे आम्ही छापतोही. पण चार दिवसांत होण्यासारखी गोष्ट माणूस जिवंत असताना का झाली नाही, हा प्रश्न उरतोच. आणि कायदा झाला तरी तक्रार द्यायला माणूस पुढं यावा लागतो. त्याच्याही कानावर तो ‘मॉर्निंग वॉक’चा विनोद गेलेला असतो.

आता तपासाचं बघा. पुणे पोलिसांकडून प्रकरण सीबीआयकडं गेलं. निकाल लागला १० मे २०२४ ला, पावणेअकरा वर्षांनी. गोळ्या झाडणाऱ्या दोघांना जन्मठेप झाली, तिघं निर्दोष सुटले. सूत्रधार दुसराच कुणी आहे आणि तपास यंत्रणा त्याच्यापर्यंत पोचल्या नाहीत, असं खुद्द न्यायालयानं म्हटलं. पानसरेंच्या खुनाला दहा वर्षं झाली, तेव्हाही त्यांचा खटला चालूच होता. जोवर ‘कुणी करायला लावलं’ याचं उत्तर नाही, तोवर ते वाक्य धमकी म्हणून चालत राहणार. पकडले जाणारे कायम प्यादीच असतील, तर पट मांडणाऱ्याला भीती कसली?

राजकीय खुनाचा दुसराही एक परिणाम आमच्या पश्चिम महाराष्ट्रानं बघितलाय. ३० जानेवारी १९४८ ला गांधीजींना मारलं नथुराम गोडसेनं. कटातल्या लोकांवर लाल किल्ल्यात खटला चालला, १० फेब्रुवारी १९४९ ला निकाल आला. पण त्याआधीच सातारा, सांगली, कोल्हापूर भागात जमावानं ब्राह्मणांची घरं पेटवली होती. त्या घरांचा कटाशी काडीचा संबंध नव्हता. कोल्हापुरात भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ जळाला. कित्येक कुटुंबांनी गाव सोडलं, ती परत आलीच नाहीत. गांधींच्या नावानं असा सूड! त्या म्हाताऱ्याला याहून वाईट श्रद्धांजली काय असेल?

म्हणून मला वाटतं, राजकीय खुनात समाज दोन बाजूंनी मोडतो. एक तर तो घाबरून गप्प बसतो, नाही तर पिसाळून भलत्याच माणसाच्या दारात जातो. दोन्हीवर उपाय एकच. गुन्हा ज्यानं केला आणि ज्यानं करवला, त्यांच्याच नावावर तो लागला पाहिजे, आणि लवकर लागला पाहिजे. जातीवर नाही, धर्मावर नाही, सगळ्या संघटनेवर सरसकट नाही. पुराव्यानं, माणसावर.

काही मित्र विचारतील, "आमच्या विचाराचे कार्यकर्ते मारले जातात तेव्हा कुठं असता?" प्रश्न रास्त आहे. केरळात संघाचेही मारले गेले, मार्क्सवादीही मारले गेले. नियम एकच ठेवा: विचार पटो ना पटो, मारणारा खुनी. ज्याला इथं ‘पण’ जोडावासा वाटतो, त्यानं तो ‘पण’ आधी स्वतःच्या घरातल्या माणसाच्या बाबतीत जोडून बघावा.

पानसरे गेल्यावर कोल्हापूरकरांनी एक साधी गोष्ट केली. ‘निर्भय मॉर्निंग वॉक’ सुरू केला. बाया-माणसं, म्हातारी-कोतारी सकाळी एकत्र चालायला लागली. ज्या गोष्टीची धमकी, तीच गोष्ट चारचौघांत करायची.

आपल्या गावात एवढं तरी करता येईल. हॉल आहे त्यांनी हॉल द्यावा. मुख्याध्यापकांनी अर्जावर हो किंवा नाही, काहीतरी लिहावं. आणि कुणी पोस्टखाली ‘तुझा दाभोलकर करू’ लिहिलं, तर हसून पुढं जाऊ नका. स्क्रीनशॉट काढा, पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या, पोच घ्या. एकट्यानं जायला नको वाटलं तर मला फोन करा, सोबत येतो.

बाकी कमेंटमध्ये भांडा, जरूर भांडा. फक्त स्वतःच्या नावानं भांडा.